वाट पाहणारे अस्वल : एका हिवाळी सहलीचे वाचन

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी प्रवासलेख देण्याचे मी कबूल केले होते आणि तो दिला नाही. संपादकांना प्रकृतीचे कारण सांगितले. खरे कारण वेगळे होते, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे छोटे गाव आहे. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे ध्रुवीय अस्वले पाहण्यासाठी मार्गदर्शकासह सहली निघतात. विनिपेगला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या आग्रहाने मी अशाच एका सहलीला गेले. पाच दिवस राहिले आणि चाळीसेक पाने टिपणे केली. पुण्यात परतल्यावर लेख लिहायला वही उघडली, तेव्हा अक्षर माझे असूनही वाक्ये माझी वाटेनात. ‘हिमप्रदेशाचा अनभिषिक्त सम्राट’, ‘काळजाचा ठोका चुकला’, ‘त्या डोळ्यांत मला एक मूक प्रश्न दिसला’, ‘पुढच्या पिढीला हे दिसेल का?’ पहिले अस्वल दिसले त्या पानावर ‘सम्राट’ हा शब्द मी तीन वेळा वापरला होता. ते अस्वल त्या वेळी नेमके काय करत होते, हे शोधू लागले तर समासात एवढेच सापडले : ‘झोपले आहे.’

मुख्य मजकूर आणि समास यांच्यात एवढे अंतर का पडले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी माझ्या वहीबरोबरच या अस्वलाविषयीची काही पुस्तके, चित्रे आणि चित्रफिती पुन्हा वाचल्या-पाहिल्या. अस्वलाबद्दल लिहिताना आपण कोणाची वाक्ये लिहितो आणि त्या वाक्यांत काय मावत नाही, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

१. अस्वल तिथे का असते

चर्चिलला मोटाररस्ता जात नाही. विमानाने जायचे, नाही तर विनिपेगहून दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करायचा. रेल्वे १९२९ साली पोचली, ती प्रेअरीचा गहू उत्तरेच्या बंदरातून युरोपला पाठवण्यासाठी. २०१७च्या वसंतातल्या पुराने हा मार्ग वाहून गेला, तेव्हा गाव जवळजवळ दीड वर्ष रेल्वेशिवाय राहिले. वस्ती नऊशेच्या आसपास. गावाच्या पूर्वेला टंड्रा, आणि त्यापलीकडे १९९६ साली घोषित झालेले वापस्क राष्ट्रीय उद्यान. ‘वापस्क’ हा क्री भाषेतला शब्द, अर्थ पांढरे अस्वल.

अस्वले इथे जमतात याचे कारण साधे आहे. हडसन उपसागर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. ध्रुवीय अस्वल सीलची शिकार करते ती बर्फावरून. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती जवळजवळ लागत नाही. त्यामुळे बर्फ गेले की या भागातल्या अस्वलांना जमिनीवर यावेच लागते. शरीरातल्या चरबीवर ती दिवस काढतात. गाभण मादी तर किनाऱ्यापासून आत पीटच्या जमिनीत गुहा करून राहते, तिथेच विते, आणि तिचा उपवास आठ महिन्यांपर्यंत लांबतो. नोव्हेंबरात थंडी वाढू लागली की बाकीची अस्वले चर्चिलच्या बाजूला सरकतात. चर्चिल नदीचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा लवकर गोठते आणि वारे व प्रवाह बर्फ या किनाऱ्याशी आणून लावतात, म्हणून उपसागरावर बर्फ धरते ते आधी इथे.

म्हणजे पर्यटक अस्वल पाहतो ते त्याच्या घरात नव्हे, फलाटावर. अस्वल गाडीची वाट पाहत आहे, आणि गाडी उशिरा येऊ लागली आहे. इयान स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे पुराव्यानिशी मांडले होते : बर्फ लवकर फुटू लागले आहे, अस्वले किनाऱ्यावर येतात तेव्हा पूर्वीपेक्षा हडकलेली असतात, आणि पिल्लांचे प्रमाण घटते आहे. १९८०च्या दशकाच्या तुलनेत आता त्यांना सुमारे तीन ते चार आठवडे जास्त जमिनीवर काढावे लागतात. १९८०च्या दशकात पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांची संख्या बाराशेच्या आसपास मानली जाई. २०१६च्या हवाई गणनेत ती ८४२ आणि २०२१च्या गणनेत ६१८ निघाली. जगभरच्या ध्रुवीय अस्वलांचा अंदाज सुमारे २६,००० आहे आणि सगळ्याच भागांत घट दिसत नाही. पण या किनाऱ्यावर ती दिसते.

हे सगळे सहलीत आम्हाला नीट सांगितले गेले होते. उंच चाकांच्या बसमध्ये बसून आम्ही ते ऐकले. टंड्रा बग्गी नावाच्या या गाड्या १९७९च्या सुमारास इथेच जन्मल्या. मी ते वहीत लिहूनही घेतले. तरी पुढच्याच पानावर ‘सम्राट’ आलाच. म्हणजे अडचण माहितीच्या अभावाची नव्हती. माहिती एका खणात आणि भाषा दुसऱ्या खणात, अशी माझी वही होती.

२. जुने खण

‘सम्राट’ हा शब्द नवा नाही. ध्रुवीय अस्वलाला भूमिका देण्याची सवय युरोपीय लेखन-चित्रणात जुनी आहे. भूमिका मात्र काळानुसार बदलत गेली.

१८४५ साली निघालेली सर जॉन फ्रँकलिन यांची मोहीम उत्तरेच्या बर्फात नाहीशी झाली. त्या प्रसंगावर एडविन लँडसीअर याने १८६४ साली एक चित्र काढले. माणूस योजतो आणि ईश्वर निकाल लावतो, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. दोन पांढरी अस्वले जहाजाच्या अवशेषांवर तुटून पडली आहेत. एकाच्या जबड्यात माणसाच्या बरगड्या आहेत. हे चित्र आता लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयात आहे. त्याच्याजवळ बसून परीक्षा दिली तर नापास होतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत असल्याने परीक्षेच्या दिवसांत ते ब्रिटिश ध्वजाने झाकतात. साम्राज्याच्या अपयशाचे चित्र साम्राज्याच्या झेंड्याखाली झाकले जाते, ही गंमत आहेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या चित्रातले अस्वल भुकेला प्राणी नाही. ते नियतीचे हत्यार आहे.

नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनचे लेखन याच्या उलट टोकाचे. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेतून परतताना १८९५-९६चा हिवाळा त्याने आणि यालमार योहान्सेनने फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड आणि वॉलरसची कातडी यांच्या खोपटात काढला. महिनोन्‌महिने मुख्य अन्न अस्वलाचे मांस. परतल्यावर वजन भरले तर ते वाढलेले निघाले. नान्सेनच्या पुस्तकात अस्वल येते ते बहुतेक वेळा बंदुकीच्या टप्प्यात किंवा पातेल्यात. आजच्या वाचकाला ते खुपते. पण मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो : अस्वलाकडून त्याला काय हवे आहे, हे नान्सेन लपवत नाही. आम्हा सहलीच्या प्रवाशांनाही अस्वलाकडून काही हवे असते. ते मांस नसते, एवढाच फरक. आणि मांस नसल्यामुळे आपल्याला काहीच नको आहे, असा आपला समज होतो.

१९७३ साली ऑस्लोमध्ये ध्रुवीय प्रदेशातल्या पाच देशांनी अस्वलाच्या रक्षणाचा करार केला. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत अस्वलाची भूमिका पूर्ण पालटली. मारणारा मरणारा झाला. २००६ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने हवामानबदलावरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर विरळ बर्फावरचे अस्वल छापले. त्याच वर्षी अल गोर यांच्या माहितीपटात बर्फाचा तुकडा शोधत पोहणारे अस्वल ॲनिमेशनने दाखवले गेले. तेव्हापासून हे अस्वल एका संपूर्ण संकटाचे बोधचिन्ह आहे. माझ्या वहीतला ‘मूक प्रश्न’ तिथून आला होता. ज्या अस्वलाच्या डोळ्यांत मी तो वाचला, ते साठ-सत्तर मीटरवर होते, आणि समासातल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा तर त्याचे डोळे मिटलेले होते.

३. कॅमेऱ्याला काय हवे असते

हडसन उपसागराच्याच पूर्व किनाऱ्यावर रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा मूकपट चित्रित केला. तो १९२२ साली प्रदर्शित झाला. माहितीपटाच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा इथून करतात. नायकाचे नाव नानूक, म्हणजे इनुइटांच्या भाषेत ध्रुवीय अस्वल. हे नाव पडद्यापुरते. माणसाचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक. बंदूक वापरणाऱ्या या माणसाला चित्रपटासाठी भाला हाती घ्यावा लागला. आत चित्रण करता यावे म्हणून इग्लूचा अर्धा भाग उघडा ठेवला गेला. काही काळाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो शिकारीला गेला असता उपासमारीने मेला, अशी हकिगत जगभर पसरली. तो घरी आजाराने, बहुधा क्षयाने, गेला असावा असे आज अभ्यासक मानतात. उपासमारीचा मृत्यू चित्रपटाला शोभणारा होता. क्षयाचा नव्हता, कारण क्षय बाहेरून आलेल्या माणसांनीच उत्तरेत आणलेला होता.

ही हकिगत मुद्दाम सांगते, कारण जवळजवळ शंभर वर्षांनी तिचाच आराखडा एका अस्वलाच्या बाबतीत पुन्हा वापरला गेला. २०१७च्या डिसेंबरात ‘नॅशनल जिओग्राफिक’ने कॅनडाच्या सॉमरसेट बेटावरच्या एका हडकुळ्या, पाय ओढत चालणाऱ्या अस्वलाची चित्रफीत दाखवली. ती जगभर प्रचंड पाहिली गेली. हवामानबदल असा दिसतो, असे तिच्या मथळ्याने सांगितले. ते अस्वल नेमके कशाने त्या अवस्थेला आले होते – म्हातारपण, इजा, आजार की अन्नाचा अभाव – हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी त्या चमूतल्या छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनी त्याच मासिकात ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली, आणि मासिकानेही आपण जोडलेला संबंध जास्त ताणला गेला असे कबूल केले. दरम्यान, हवामानबदलच खोटा म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले होते. आकडे खरे, संकट खरे. पण एका अस्वलावर त्या सगळ्याचा भार ठेवला, की ते एक अस्वल कोसळल्यावर सगळा युक्तिवाद कोसळल्यासारखा दिसतो.

चर्चिलच्या परिसरातलेच एक उदाहरण. २०१६च्या नोव्हेंबरात एक ध्रुवीय अस्वल साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पंजाने हळुवार थोपटते आहे, अशी चित्रफीत समाजमाध्यमांवर गाजली. निसर्गातले प्रेम, अशा अर्थाचे मथळे तिला मिळाले. थोड्याच दिवसांत बातमी आली की त्याच ठिकाणी एका अस्वलाने एक कुत्रा मारून खाल्ला. दोन्ही घटना खऱ्या. दोहोंत अस्वल तेच होते की नाही, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते याला, की पहिल्या चित्रफितीचे कथानक आपण ठरवले होते आणि दुसरी घटना त्यात बसेना, तेव्हा लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले. अस्वलाने कोणाला काही वचन दिले नव्हते.

या सगळ्यांना मी ‘खोटेपणा’ म्हणणार नाही. २०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेतले गुहेतल्या नवजात पिल्लांचे चित्रण नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात केले होते, हे बाहेर आल्यावर ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. पण जंगली मादीच्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर मादी आणि पिल्ले दोघांनाही धोका होता, हा खुलासा मला पटतो. माझा आक्षेप वेगळा आहे. कॅमेऱ्याला घटना हवी असते, आणि चर्चिलच्या नोव्हेंबरात अस्वलाची मुख्य घटना म्हणजे काहीही न घडणे. शक्ती वाचवण्यासाठी ते पडून राहते. अधूनमधून दोन नर मागच्या पायांवर उभे राहून लुटुपुटूची झुंज खेळतात. माझ्या फोनमधली निम्मी छायाचित्रे त्या अकरा मिनिटांची आहेत. पाच दिवसांतली अकरा मिनिटे.

४. तीन पुस्तके

हे ‘काही न घडणे’ लिहिता येते का? तीन अमेरिकी लेखकांच्या पुस्तकांकडे मी हा प्रश्न घेऊन गेले.

बॅरी लोपेझ यांचे ‘आर्क्टिक ड्रीम्स’ (१९८६) या विषयातले सर्वांत नावाजलेले पुस्तक. त्यात ध्रुवीय अस्वलावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञाचे निरीक्षण आणि इनुइट शिकाऱ्याचे ज्ञान लोपेझ एकाच पंगतीला बसवतात, आणि १९८६ साली ही सोपी गोष्ट नव्हती. मात्र त्यांचा सूर सतत नमस्काराचा आहे. टंड्रातल्या घरट्यांपुढे ते खरोखर वाकून अभिवादन करतात. आदर चांगलाच, पण तीनशे-चारशे पाने वाकून राहिलेल्या माणसाला समोरचे थोडे कमी दिसते. गाव, कचरा, डिझेल, दारू यांना त्या सुरात फारशी जागा उरत नाही.

झॅक उंगर यांचे ‘नेव्हर लुक अ पोलर बेअर इन द आय’ (२०१३) नेमके इथे सुरू होते. बायको आणि तीन मुलांना घेऊन ते चर्चिलला राहायला गेले, ते नाहीशा होणाऱ्या अस्वलांवर शोकगीत लिहायला. तिथे त्यांना भांडणारे शास्त्रज्ञ, कातावलेले गावकरी आणि धंदा करणारी माणसे भेटली, आणि शोकगीत काही जमले नाही. पुस्तकाचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. विनोदाची हाव मात्र त्यांना अडचणीत आणते. प्रत्येक माणूस किस्सा होतो, आणि शंका घेण्याच्या ओघात मोजमापाने सिद्ध झालेले आणि चहाच्या टेबलावर ऐकलेले यांचे वजन कधी कधी सारखे होऊन जाते.

जॉन मूअॅलम यांचे ‘वाइल्ड वन्स’ही २०१३चेच. त्यांनी पाहण्याचा रोखच बदलला. प्राण्यांकडे पाहणाऱ्या माणसांकडे ते पाहतात. चर्चिलच्या भागात त्यांची लहान मुलगी आहे, आणि चित्रीकरणासाठी आलेल्या दूरचित्रवाणीवरच्या मार्था स्ट्युअर्ट आहेत. प्रत्येकाला आपापले अस्वल न्यायचे आहे. तिघांमध्ये मला हे पुस्तक उजवे वाटते, कारण त्यात पाहणारा चौकटीबाहेर उभा राहत नाही. माझ्या वहीचे दुखणे पहिल्यांदा त्यानेच दाखवले.

तरीही या तिन्ही पुस्तकांपेक्षा मला ज्या पुस्तकाने जास्त हलवले, ते अस्वलांवरचे नाहीच.

५. ‘अस्वल!’

सहलीच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना मार्गदर्शकाने एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगायला सुरुवात केली, की इथे पूर्वी डेने लोकांची वस्ती होती. तो पहिले वाक्य पूर्ण करतो न करतो तोच मागून कोणीतरी ‘अस्वल!’ असे ओरडले. सगळे उजव्या खिडक्यांकडे धावले. मीही धावले. तो बर्फाने झाकलेला दगड निघाला. हसणे झाले, बस पुढे गेली, आणि ते वाक्य तिथेच राहिले. माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर फसव्या दगडाचा किस्सा सव्वा पान रंगवलेला आहे. डेने हा शब्द नाही.

परतल्यावर, लेख अडला असताना, मी ‘नाइट स्पिरिट्स’ (१९९७) हे पुस्तक मिळवले. सायिसी डेने समाजाच्या इला बसिडोर आणि लेखिका उस्तून बिल्गेन-राइनार्ट यांनी ते मिळून लिहिले आहे. सायिसी डेने हे कॅरिबूंच्या कळपांमागे फिरणारे लोक. ते कॅरिबूंचा नाश करत आहेत अशी चुकीची समजूत करून घेऊन सरकारने १९५६ साली त्यांना डक लेकहून विमानाने उचलले आणि चर्चिलच्या किनाऱ्यावर आणून सोडले. पुरेशी घरे नव्हती, शिकार नव्हती, काम नव्हते. पुढे ‘कॅम्प टेन’ नावाच्या वस्तीत, दफनभूमीच्या शेजारी, त्यांना ठेवले. लोक थंडीने, आगीने, दारूने, मारहाणीने मेले. १९७३पर्यंत, म्हणजे ते स्वतःहून आत टाडूल लेककडे निघून जाईपर्यंत, त्या समाजातली जवळजवळ एक तृतीयांश माणसे गेली होती. कॅनडाच्या केंद्र सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०१६ साली.

या काळात डेने कुटुंबे गावाच्या उकिरड्यावरून अन्न गोळा करत. त्या काळी चर्चिलच्या उकिरड्यावर अस्वलेही येत. पुढे पर्यटनाच्या सुरुवातीच्या वर्षांत छायाचित्रकार ती अस्वले टिपायला तिथेच जात. उकिरडा २००५च्या सुमारास बंद झाला. भुकेल्या अस्वलाचे चित्र जगभर गेले. भुकेल्या माणसांचे पुस्तक शोधून मागवावे लागले. वर्षही पाहा. ज्या १९७३ साली ऑस्लोत अस्वलाच्या रक्षणाचा करार झाला, त्याच साली या लोकांनी चर्चिल सोडले. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नाही आणि मी तो सुचवतही नाही. पण ज्या भूमीला माझी वही ‘मानवी स्पर्श न झालेली’ म्हणते, ती अशी रिकामी झाली होती.

चर्चिलच्या आजच्या रहिवाशांचे अस्वलाशी असलेले नातेही ‘सम्राट’ या शब्दात मावत नाही. गावात शिरणाऱ्या अस्वलाला पकडून ठेवण्यासाठी जुन्या लष्करी इमारतीत अठ्ठावीस कोठड्यांचे केंद्र आहे. लोक त्याला सरळ तुरुंग म्हणतात. अस्वलाला तिथे पाणी देतात, पण सहसा अन्न देत नाहीत. माणूस म्हणजे खाणे, असे त्याने शिकू नये म्हणून. बर्फ धरले की सोडून देतात, किंवा हेलिकॉप्टरने दूर नेतात. हॅलोविनच्या रात्री मुले घरोघर फिरतात, तेव्हा रस्त्यांवर अस्वलांसाठी गस्त असते. हे ना शत्रुत्व आहे ना भक्ती. शेजारी धोकादायक असला तर दारे-खिडक्या कशा लावायच्या, याचे हे साधे शहाणपण आहे. आणि हेही म्हटले पाहिजे, की पर्यटनाच्या पैशामुळे अस्वल जिवंत ठेवणे या गावाला परवडू लागले.

६. ‘दर्शन’

आता माझ्या भाषेकडे येते, कारण सगळा दोष इंग्रजी चित्रफितींवर ढकलणे सोपे आहे. माझ्या वहीत अस्वल ‘दिसले’ असे क्वचितच आहे. बहुतेक ठिकाणी त्याने ‘दर्शन दिले’ आहे. ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपण हेच विचारतो : वाघाने दर्शन दिले का? मराठीत हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यातला अर्थ कानाला जाणवत नाही. दर्शन देणारा तो देव. घेणारा तो भक्त. वाट पाहणे हे भक्ताचे काम. तो रांगेत उभा राहतो, कष्ट सोसतो, आणि देव प्रसन्न होतो.

चर्चिलमध्ये हे नाते नेमके उलटे आहे. आम्ही ठरलेल्या तारखेला, परतीच्या तिकिटासह, तापवलेल्या गाडीत बसून आलो होतो. वाट अस्वल पाहत होते, तेही उपाशीपोटी. शिवाय त्याची वाट लांबवण्यात आमचा बारीकसा का होईना हात होता. डॉसन, स्ट्युअर्ट, लेमेलिन आणि स्कॉट या अभ्यासकांनी २०१० साली चर्चिलच्या अस्वल-पर्यटनाच्या कार्बन उत्सर्जनावर निबंध प्रसिद्ध केला. दूरवरून विमानाने येणाऱ्या या पाहुण्यांचे उत्सर्जन सामान्य पर्यटकाच्या तुलनेत बरेच जास्त भरते, आणि हवामानबदलाने अस्वलाला धोका आहे हे मान्य करणारे पाहुणेही त्याचा संबंध आपल्या प्रवासाशी फारसा जोडत नाहीत, असे त्यातून दिसते. पुण्याहून गेलेली मी त्या गणितात कुठे बसते, हे वेगळे सांगायला नको. ‘दर्शन दिले’ म्हटले की हा हिशेब वाक्यातून गळून पडतो. देवळात कोणी हिशेब विचारत नाही.

मग लिहूच नये का? तसे मला वाटत नाही. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आहे. जंगलात मुक्काम ठोकून, थराराच्या मागे न लागता, जे दिसते ते साध्या क्रियापदांत कसे उतरवावे, याचा तो धडा आहे. प्राणी काय करतो ते लिहायचे. त्याने आपल्यासाठी काय केले ते नव्हे. लोकांना गोडी लागावी म्हणून थोडी भावना, थोडा थरार लागतोच, असा आक्षेप यावर येईल. सॉमरसेट बेटावरच्या अस्वलाची हकिगत हे त्याचे उत्तर आहे. उसन्या अर्थाने मिळवलेले लक्ष टिकत नाही, आणि जाताना खऱ्या आकड्यांची पतही घेऊन जाते.

दोन वर्षांपूर्वी न दिलेल्या लेखाचे पहिले पान आता पुन्हा लिहिले आहे. ते असे :

सकाळी नऊ चाळीस. ढगाळ. वारा वायव्येचा. भरतीरेषेवर वाळलेल्या समुद्रशेवाळाचा ढीग, त्यावर एक अस्वल कुशीवर झोपलेले. रंग पांढरा नाही, जुन्या सायीसारखा. आम्ही गाडीत अठरा जण, एंजिन बंद. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याने डोके उचलले, उपसागराकडे तोंड करून हवा हुंगली, डोके खाली ठेवले. आमच्याकडे पाहिले नाही. दहा वीसला पुन्हा तेच. पाण्यावर तेलकट दिसणारा पातळ थर होता. मार्गदर्शक म्हणाला, बर्फ धरायची ही सुरुवात, पण वजन पेलायला अजून बराच वेळ आहे. दहा पंचवीसला आम्ही निघालो, कारण जेवणाची वेळ ठरलेली होती. डाव्या हाताला डेने लोकांच्या जुन्या वस्तीची जागा लागली. तिथे थांबलो नाही.